दोन बोटं जास्त

हे तुम्हाला पटणार नाही. आणि पटलंच, तर मी सांगण्यात कुठंतरी कमी पडलो असं समजेन. सात शिंप्यांनी मिळून एक घर बांधलं. ज्यांनी आयुष्यात इस्त्रीपेक्षा जड काही उचललं नव्हतं अशा सात जणांनी. आणि ते घर नुसतं उभं राहिलं नाही, अंगावर बसलं. पाठीला चुणी नाही, काखेत घोळ नाही.

एवढं बोलून मी थांबलो. अशा वाक्यानंतर जरा थांबावं लागतं. वीज गेलेली होती. वीज गेली की आमच्या दुकानात मशीन थांबतं, इस्त्री निवते आणि माझं तोंड सुरू होतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. शेजारचा औषधवाला आमच्या बाकावर येऊन टेकला होता. पोस्टमन अस्तर बदलायला टाकलेल्या कोटासाठी खोळंबला होता. आणि आमची ही खिडकीपाशी, उजेड हातावर पडेल अशी बसून, पँटीच्या मोहऱ्यांना तुरपाई घालत होती.

"सात नाही, सहा," ही मान वर न करता म्हणाली. "कोटवाले दुसऱ्याच दिवशी कंबर धरून बसले."

"बसून का होईना, होते ना? सात."

"बरं, सात," ती म्हणाली.

भूकंप झाला त्याला आता नऊ वर्षं झाली. इथून दीड दिवसाच्या रस्त्यावर. आपल्याकडे नुसते हँगर हलले आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं झालं. तिकडं सकाळच्या चहाच्या वेळेला, पाणी उकळायच्या आत, अर्धं गाव खाली आलं. आम्ही शिंपी मंडळींनी बैठक घेतली आणि ठरवलं, आपल्याला जे येतं ते करायचं. चार दिवसांत दोनशे शर्ट शिवले. तिकडून निरोप आला: कपड्यांचे डोंगर झालेत, आता कपडे नकोत, हात पाठवा.

हात आमच्याकडे होते. चौदा. कोटवाले, म्हणजे माझे एक जुने दोस्त, ज्यांनी शिवलेल्या कोटात माणूस खोटं बोलू शकत नाही इतका तो ताठ उभा राहतो. एक काजवाला, काजं-बटणं करणारा. दिवसाला सहा शब्द बोलतो, तेही बटणं मोजताना. एक रफूवाली बाई. तिनं रफू केलेलं भोक पुन्हा शोधायला खुद्द तिलाच चष्मा लागतो. आणि दोघे भाऊ. समोरासमोर दुकानं, अकरा वर्षं अबोला. दोघांनी वेगवेगळं नाव दिलं आणि बस सुटल्यावर एकमेकांना पाहिलं. थोरला म्हणाला, "ड्रायव्हर, मला उतरव." धाकटा म्हणाला, "ड्रायव्हर, त्यांना सांग, मीच उतरतो." ड्रायव्हरनं दोघांनाही उतरवलं नाही. मी आणि ही धरून झाले सात.

"अबोला कशावरून?" पोस्टमननं विचारलं.

"बापाची कात्री. एकच होती."

"मग?"

"मग काय मग? कात्री अर्धी करता येते का? करता येते म्हणा, पण मग ती दोन सुऱ्या होते."

औषधवाला हसला. हीसुद्धा थोडी हसली.

तिथं पोचलो तेव्हा गल्ल्या होत्या, पण घरं नव्हती. आधी ते लक्षातच येत नाही. रस्ता बरोबर वळतो, कोपऱ्यावर नळ आहे, नळाला पाणी आहे, आणि दोन्ही बाजूंना नुसते ढीग. ढिगांतून उशा बाहेर आलेल्या. एका ठिकाणी भिंतीचा एकच तुकडा उभा होता आणि त्याच्यावर खुंटीला शाळेचं दप्तर लटकत होतं. बसमध्ये आम्ही गाणी म्हणत आलो होतो. ती तिथंच संपली. थोरल्या भावानं टोपी काढली, धाकट्यानंही काढली, आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

प्रत्येक गटाला एक घर नेमून दिलं होतं. चौथरा आधीच ओतून ठेवलेला. त्याच्यावर भिंती आम्ही चढवायच्या. चार घरांना मिळून एक गवंडी. तो सकाळी येऊन सांगून जायचा, संध्याकाळी येऊन ओरडून जायचा. घर आतून बारा फूट बाय पंधरा फूट. भिंतींच्या डोक्यावर सिमेंटचा पट्टा, आणि पायजम्याच्या नेफ्यातून नाडी जाते तशा त्यातून सळ्या, म्हणजे पुढच्या हादऱ्याला चारी भिंती एकमेकींना धरून राहतील. त्या पट्ट्यावर लोखंडी त्रिकोण बसवायचे, आणि त्यांच्यावर पत्रा. गवंडी त्या त्रिकोणाला कैची म्हणाला, तेव्हा आम्ही सातही जण एकदम खूश झालो. एवढ्या परमुलखात कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं झालं.

आमच्या वाट्याला आलेलं घर एका म्हाताऱ्या सुताराचं होतं. तो आणि त्याची लेक, एवढीच माणसं उरली होती. लेक तिशी ओलांडलेली, टपालकचेरीत कामाला होती.

"म्हणजे आमच्यातली," पोस्टमन म्हणाला.

तुमच्यातली. पण टपालकचेरीच पडली होती, म्हणून ती सकाळपासून विटा वाहायची. मला काका म्हणायची, हिला काकू. चौथऱ्याच्या शेजारीच त्यांचा तंबू. पिवळी ताडपत्री, आत एक खाट, एक स्टूल, पाण्याची कळशी. म्हातारबाबा खाटेवर. पडलेल्या घराची धूळ त्यांच्या छातीत जाऊन बसली होती ती निघत नव्हती. श्वास घेतला की आत कुणीतरी चाळणी हलवल्यासारखा आवाज यायचा.

आणि तंबूला बाहेरून टेकवून ठेवलेलं एक दार. चौकटीसकट. अख्ख्या घरातलं तेवढंच धड निघालेलं. बाबांनी ते तरुणपणी स्वतः केलं होतं. त्या गावातली निम्मी दारं त्यांच्याच हातची होती. जाड लाकूड, दोन फळ्या, मध्ये जिभेसारखी बसलेली सांध. मी लाकडातलं काही जाणत नाही, पण शिवण कळते. त्या सांधीत नख जात नव्हतं.

पहिल्याच दिवशी बाबांनी मला खाटेजवळ बोलावलं. "गवंडी आहात?"

"नाही."

"सुतार?"

"शिंपी."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "असू द्या. मापाचं काम तर आहे." आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, तेव्हा ही माझ्या शेजारी होती, लेक दाराशी होती. दार कसलं, ताडपत्रीच्या फटीशी. ते म्हणाले, "आमच्या हिला छपरातून काढली. पत्रे उचकटले आणि वरून काढली, विहिरीतून काढतात तशी. मी अख्खा जन्म दारं केली. लग्न करून ती दारातून आत आली होती. मला दारातून न्या. एवढंच बघा."

लेक म्हणाली, "बाबा, असलं काही बोलायचं नाही."

"बोलायचं नाही तर नाही. पण करायचं," ते म्हणाले.

मी कबूल केलं. दोन्ही हात त्यांच्या हातावर ठेवून म्हणालो, "बाबा, तुमच्या घराला पत्रा चढेल, चौकटीत हे दार बसेल, आणि तुम्ही स्वतःच्या हातानं कडी लावाल." शिंपी माणूस तारीख देतो तेव्हा गिऱ्हाईक मनातल्या मनात चार दिवस धरतं. बाबांनी तसं केलं नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

"तिथंच फसले," औषधवाला म्हणाला. पोस्टमननं स्वतःच्या अंगातल्या शर्टाकडे बघितलं, म्हणजे त्याला जो कोट गेल्या मंगळवारी मिळायचा होता त्याची आठवण झाली असावी.

कामाला लागलो. आता आमची चूक सांगतो. ती तुम्ही शंभर गवंड्यांना सांगून करवून घ्यायची म्हटली तरी त्यांच्या हातून होणार नाही. ती आमच्याच हातून व्हायची.

कागदावर लिहिलं होतं बारा फूट. दोरी माझ्या हातात होती, कारण टेप माझ्या गळ्यात आहे ती पन्नास वर्षं. मी बारा फुटांवर खूण केली. मग, कुणी सांगितलं नाही, विचारलं नाही, माझी दोन बोटं आपोआप पुढं सरकली आणि खूण दोन बोटं पलीकडं झाली. तिकडच्या टोकालाही तसंच. इकडं दोन, तिकडं दोन. बेतताना कापड जास्तच सोडतात. कमी पडलं तर जोड दिसते, जास्त झालं तर आत घेता येतं. नेमक्या मापाचा शर्ट पहिल्या धुण्यालाच माणसाचा गळा धरतो. मी तर बोलूनही दाखवलं: "पोरगी आहे, उद्या जावई येईल, घर जरा सैल असू दे."

एक जरी गवंडी तिथं उभा असता तर त्यानं माझ्या हातावर थापी मारली असती. पण उभे होते सगळे शिंपी. कोटवाल्यांनी पाहिलं, मान डोलावली. काजवाल्यानं पाहिलं. दोघा भावांनी पाहिलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. सगळ्यांना ते बरोबर दिसत होतं.

भिंती चढायला लागल्या. दुसऱ्या दिवशी कोटवाल्यांची कंबर गेली, हे हिचं म्हणणं खरं आहे. मग ते स्टुलावर बसून ओळंबा धरायचे आणि हुकूम सोडायचे. लेकीला घराला हात लावायचा होता, स्वतःच्या घराला, म्हणून ती विटा द्यायला आमच्यात, आणि तिच्या जागी बाबांजवळ आमची ही. ही तंबूत बसून असायची. त्यांना पाणी दे, उशी उंच कर, आणि बाहेर काय चाललंय ते सांग. बाबा दर तासाला विचारायचे, "बाई, किती थर झाले?" ही ताडपत्री वर करून मोजायची आणि सांगायची.

एकदा बारीकसा हादरा आला. आम्ही सगळे भिंतीपासून लांब पळालो, धाकटा भाऊ मात्र शिडीवर. थोरला ओरडला, "खाली उतर, गाढवा!" सगळं गाव हलत होतं त्यापेक्षा जास्त आम्ही त्यानं हललो. धाकटा उतरला. हादरा थांबला. धाकटा कपडे झटकत काजवाल्याला म्हणाला, "त्यांना सांग, शिवी द्यायची गरज नव्हती." आणि पुन्हा अबोला. अजून चालू आहे.

चौकट भिंतीत बसवली. लांबच्या भिंतीत, मधोमध. पट्टा ओतला, त्यात जागोजागी बोल्ट उभे करून ठेवले, कैचीचे पाय त्यांच्यावर बसतात म्हणून. चार दिवस पट्ट्यावर पाणी मारलं. त्या चार दिवसांत बाबांनी जेवण टाकलं. लेक म्हणाली, "बाबा, चार भिंती झाल्यात, चौकट झालीय. वर ताडपत्री टाकते, आत चला ना." बाबा सुतार होते. म्हणाले, "छप्पर नाही त्याला घर म्हणत नाहीत, कुंपण म्हणतात. आधी कैची, मग पत्रा, मग दार. क्रम चुकवायचा नाही." मदतकेंद्राचा डॉक्टर येऊन गेला. बाहेर आल्यावर त्यानं लेकीला बाजूला घेतलं. लांबून त्याची दोन बोटं दिसली, मग तिसरं. दोन-तीन दिवस.

सोमवारी ट्रॅक्टरवरून कैच्या आल्या. आम्ही पाच जणांनी, गवंडी आणि त्याच्या दोघा माणसांनी मिळून पहिली कैची वर चढवली. एक पाय बोल्टांवर बसला. दुसरा बसेना. बोल्ट एकीकडं, भोकं एकीकडं. गवंड्यानं टेप काढली, आतलं माप घेतलं. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं आणि तो खाली उतरून विटांच्या थप्पीवर बसला.

"चार बोटं जास्त," तो म्हणाला. "मोजलं कुणी?"

मी पुढं झालो.

"ही चार बोटं कुठून आली?"

"मार्जिन," मी म्हणालो.

"कसलं मार्जिन?"

"आटलं तर."

दुसरा कुठला दिवस असता तर तो हसला असता. मीही हसलो असतो. लेक पत्र्यांपाशी उभी होती. तिनं फक्त विचारलं, "म्हणजे किती दिवस?"

गवंडी म्हणाला, "कैची अशीच ठेवली तर पुढच्या हादऱ्याला घसरून अंगावर येईल, ते मी करू देणार नाही. दाराची भिंत उतरवावी लागेल. पाडायला एक दिवस, चढवायला दोन, पट्टा सुकायला चार. आठवडा धर."

ताडपत्रीच्या आतून बाबांचा आवाज आला, "बाई, बसली का कैची?"

दुकानात पोस्टमन आता बाकाच्या कडेला आला होता. औषधवाल्यानं आपल्या दुकानाकडे बघायचं सोडलं होतं. इथपर्यंत आलो की मी नेहमी एक बटण उचलून बोटांत फिरवतो. ते फिरवलं.

आठवडा नव्हता. हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हणालो, "पाडायची कशाला? आत घेऊ." गवंडी बघत राहिला. मी म्हणालो, "कंबर सैल झाली तर आपण पँट नवी शिवतो का? बाजूची शिवण उसवायची, चार बोटं आत घ्यायची, वरून टीप मारायची. भिंत आहे, लांबच्या लांब, दोन टोकांना दोन शिवणी. उसवा."

रफूवाली पुढं झाली. तिनं कोपऱ्यातलं सिमेंट असं काढलं, जसा आपण शर्टाच्या खिशाचा दोरा काढतो, एक वीट दुखावली नाही. काजवाल्यानं पट्ट्यातल्या सळ्या कोपऱ्यात मोकळ्या केल्या. खाली आम्ही साबणाचं पाणी ओतलं, बादल्याच्या बादल्या. मग सगळे बाहेरच्या बाजूनं खांदा लावून उभे राहिलो. थोरला भाऊ, त्याच्या खांद्याला खांदा लावून धाकटा, मध्ये जागाच नव्हती दुसऱ्याला. कोटवाले कंबर विसरून उठले. लेक होती. गवंडी, शिव्या देत, तोही होता. मी म्हणालो, "एक, दोन…" आणि तीन म्हणायच्या आत जमीन हलली. बारीकसा हादरा. ज्यानं सगळं गाव पाडलं त्याला त्या दिवशी लाज वाटली असणार. भिंत चौकटीसकट, बोल्टांसकट, एखादी जाडजूड बाई बसमध्ये सरकून जागा देते तशी सरकली. चार बोटं. मी ओरडलो, "बस्स!" आणि ती थांबली.

पोस्टमन मांडीवर थाप मारून हसत होता. औषधवाला म्हणाला, "मास्तर, वजन किती असेल त्या भिंतीचं?"

"तुम्ही गोळ्या मोजा. भिंती आमच्यावर सोडा."

"पण पट्टा? सळ्या?"

"उसवल्या म्हटलं ना! मध्ये मध्ये बोलू नका, माप चुकतं."

पोस्टमन हिच्याकडे वळला. "काय काकू, सरकली का भिंत?"

हिनं मोहरी उलटी करून टाका तपासला. "मी तंबूत होते," ती म्हणाली.

बघा, नाही म्हणाली का? नाही म्हणाली नाही. ही गोष्ट मी नऊ वर्षांत किती जणांना सांगितली असेल, तिनं एकदाही नाही म्हटलेलं नाही.

मंगळवारी कैच्या चढल्या, बोल्टांवर अशा बसल्या जशी काजात गुंडी. दुपारपर्यंत पत्रा. पत्र्यावर पहिला खिळा लेकीनं मारला, वाकडा मारला, दुसराही वाकडा. मग दार. दार आम्ही चौघांनी आणलं आणि बिजागऱ्यांत सोडलं. संध्याकाळी खाटेसकट बाबांना उचललं. तंबू ते चौथरा सोळा पावलं. चौकटीत आल्यावर त्यांनी हात वर केला, म्हणजे थांबा. आम्ही खाट धरून थांबलो. त्यांनी चौकटीच्या लाकडाला हात लावला, खालपासून जितका वर पोचेल तितका. मग आत गेलो.

आत सिमेंटचा ओला वास. खाट ठेवली ती दार दिसेल अशी. बाबा म्हणाले, "लावा." लावलं. "उघडा." उघडलं. ते म्हणाले, "खालून घासतंय. सकाळी रंधा मारा." आम्ही सगळे इतके सुखावलो त्या तक्रारीनं! गिऱ्हाईक तक्रार करतंय म्हणजे कपडा अंगावर आलाय. दुसऱ्या दिवशी काजवाल्यानं रंधा मारला. बाबा दोन दिवस त्या घरात राहिले. पत्र्यावर चिमण्या चालल्या तर त्यांच्या नखांचा आवाज यायचा, तो ऐकत पडायचे. लेक दाराशी बसून त्यांना टपालकचेरीच्या गमती सांगायची. शुक्रवारी सकाळी गेले. आणि आम्ही त्यांना दारातून नेलं. दोन्ही फळ्या सताड उघड्या करून, सरळ, कुठंही न टेकता, न वाकवता. रुंद पडलं ते दार त्यांना. चार जण चालले तरी दोन्ही बाजूंना जागा होती.

पोस्टमननं डोळे पुसले. रस्त्यावरून एक सायकल गेली.

इथं मी थांबतो. दर वेळी इथंच थांबायचो. त्या दिवशी मात्र पोस्टमनचे ते ओले डोळे बघून मला राहवलं नाही. नऊ वर्षं जी गोष्ट माझ्या मनात होती, म्हणजे झालेली नाही, व्हायला हवी होती अशी, ती तोंडातून निघून गेली.

"जायच्या आदल्या दिवशी," मी म्हणालो, "बाबांनी मला जवळ बोलावलं. माझा हात धरला. म्हणाले, मास्तर, त्या चार बोटांचं मनाला लावून घेऊ नका. घर बसलं बघा. अगदी मापात बसलं."

हिनं सुई मोहरीत खोवली आणि पँट मांडीवर ठेवली.

"असं ते म्हणाले नाहीत," ती म्हणाली.

"काकूंनी पकडलं!" पोस्टमन हसायला लागला, आणि तिच्याकडे बघून थांबला.

"अगं, गोष्ट आहे," मी म्हणालो.

"भिंतीपर्यंत गोष्ट होती. मी काही बोलले का? दाराचंही मी चालवून घेतलं. बरं वाटतं ऐकायला, मलाही वाटतं. पण हे खोटं आहे अहो, आणि हे नका बोलू." ती पोस्टमनकडे नाही, औषधवाल्याकडे नाही, माझ्याकडेच बघत होती. "मंगळवारी तुम्ही भिंत पाडत होता. सगळे. घणाचा आवाज तंबूत येत होता, आणि प्रत्येक घावाला ते डोळे उघडत होते. मला विचारलं, बाई, दार बसवलं का? मी म्हटलं, बसवलं. म्हणाले, मग हा आवाज कसला? मी म्हटलं, खिळे मारतायत पत्र्याला. म्हणाले, फार खिळे मारतायत. तेवढंच. पुढं बोलले नाहीत. बुधवारी उजाडताना गेले. ताडपत्री वर धरली तुम्ही, मी बाजूला झाले, आणि खालून वाकून नेलं त्यांना. तुम्हाला ते काही म्हणाले नाहीत. चांगलं नाही, वाईट नाही. त्यांच्या तोंडी काही घालू नका. मी एकदा फसवलंय त्यांना. तेवढं पुरे."